ऑडिओ नावाचं फोल्डर

नरपडच्या नयनला पहिल्यांदा 'सर' कोणी म्हटलं हे त्याला आठवत नव्हतं. ती हाक बंद पडू नये म्हणून आपण काय काय केलं, हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं.

तसा तो कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेला माणूस कोणाला काय शिकवणार? पंधरा-सोळा वर्षं त्यानं हळदीला कीबोर्ड वाजवला. चिंचणीपासून झाईपर्यंत किनाऱ्यावर कुठंही हळद असली की बँजो पार्टी नरपडची आणि कीबोर्डवर नयन, हे ठरलेलं. मग डीजे आले. आठ जणांचं काम एक लॅपटॉप आणि दोन मोठ्या पेट्या करायला लागल्या. पार्टीतले बाकीचे सात जण कोणी बोटीवर गेले, कोणी रिक्षा घेतली, कोणी वापीला कामाला लागले. नयनला बोट लागायची. मच्छीमाराच्या घरात जन्मून समुद्रावर गेला की उलट्या, हा गावात थट्टेचा विषय होता. तेव्हा त्यानं शहाणपणा केला आणि लॅपटॉपच घेतला. बायको हेमांगी डहाणूच्या बाजारात मासळी विकायची, घर तिच्या टोपलीवर चालायचं, आणि नयन ओट्यावर बसून गाणी बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचा.

त्याची दोन हळदीची गाणी एका वर्षी बरीच वाजली. झालं. लोक विचारायला लागले, म्हणून त्यानं एक ग्रुप काढला, 'संगीत मदत डहाणू-तलासरी'. बघता बघता त्यात दोनशेच्या वर माणसं आली. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच पाच-सहा. सॉफ्टवेअर टाकताना अर्ध्यावर अडकतं, काय करू? पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, काय करू? आवाज फुटतो. फुकटातली आवृत्ती आहे, कालचं गाणं आज उघडत नाही. नवं वाद्य टाकलं पण यादीत दिसत नाही. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं नयनला ठाऊक होती. उरलेल्या निम्म्यांसाठी तो घरामागं, बोंबील वाळत घातलेल्या वलांडीपाशी जायचा, मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायचा आणि दहा मिनिटांनी बोलून उत्तर पाठवायचा. सुरुवात नेहमी एकच, "हे बघ, सोपं आहे." टाईप तो कधी करायचा नाही. एक तर लिहिताना चुका व्हायच्या, आणि दुसरं म्हणजे आपला आवाज चांगला आहे हे त्याला माहीत होतं.

'मला माहीत नाही' हे वाक्य त्या ग्रुपवर त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता.

मनिष हा त्या ग्रुपवरचा सगळ्यात सज्जन विद्यार्थी. तलासरीच्या पुढं एका पाड्यावर राहायचा, वय असेल एकोणतीस-तीस, उंबरगावकडच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. बाकीच्यांना बेस कसा वाढवायचा एवढंच हवं असे. मनिष विचारायचा, की पाठीमागं जनरेटरची घरघर आली आहे, ती बाईच्या आवाजाला धक्का न लावता कशी काढू? अशा प्रश्नांना नयनला वलांडीपाशी बराच वेळ उभं राहावं लागायचं. पण मनिषच्या उत्तरात "आभारी आहे सर" असायचंच, त्यामुळं ती मेहनत त्याला गोड लागायची.

ती बाई म्हणजे मनिषची आत्या, धाकली. तो तिला फुई म्हणायचा. धाकली धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, तिच्या गाण्यानं देव मांडवात येतात, आणि तिचं गाणं झालं की लग्न लागलं. गाणी लांबच लांब, कुठं लिहिलेली नाहीत, सगळी तिच्या डोक्यात. आणि गेल्या दोन वर्षांत धाकली विसरायला लागली होती. आधी माणसांची नावं, मग रस्ते, आता कधीमधी ओळीही. तिच्यामागून गाणार होती ती बुधी दिवसभर चिकूच्या वाडीत कामाला, तिला म्हातारीबरोबर मांडवामांडवात फिरता येत नव्हतं. घरी बसून शिकव म्हटलं तर धाकली ऐकायची नाही. मांडव नाही तर गाणं नाही. ते गाणं लग्न लावतं, उगाच बसल्या बसल्या गायलं तर कोणाचं लग्न लागायचं, असं ती विचारायची आणि वर स्वतःच हसायची.

म्हणून मनिषनं एप्रिलमध्ये चुलतभावाच्या लग्नात माईक आणि लॅपटॉप घेऊन दोन दिवस धाकलीच्या शेजारी ठाण मांडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाणं घेतलं. आता ते स्वच्छ करून बुधीच्या मोबाईलमध्ये घालायचं, म्हणजे ती चिकू निवडता निवडता ऐकेल आणि शिकेल. हे सगळं त्यानं ग्रुपवर एकदा सविस्तर लिहिलं होतं. नयननं ते वाचून त्यावर एक अंगठा टाकला होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी मनिषचा प्रश्न आला. डिस्क भरली आहे, सॉफ्टवेअर अडकतंय, काय काढू? सोबत स्क्रीनचा फोटो. फोटोत दिसत होतं की सगळ्यात जास्त जागा 'ऑडिओ' नावाच्या फोल्डरनं खाल्ली आहे.

नयन तेव्हा डहाणूत एका हळदीच्या मांडवात होता. त्याला वाजवायला नाही, नुसतं 'या' म्हणून बोलावलं होतं. हार्दिक नावाचा डीजे वायरी जोडत होता, चार-पाच पोरं आजूबाजूला होती. वलांडी जवळ नव्हती. पण हा प्रश्न त्याला सोपाच वाटला. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही 'ऑडिओ' नावाचं फोल्डर होतं आणि ते कायम रिकामं असायचं. त्यानं जन्मात कधी माईकवरून काही घेतलं नव्हतं. सगळी गाणी कीबोर्डवर, सॉफ्टवेअरमधल्या तयार वाद्यांवर. त्याचं अख्खं गाणं एका चिमुकल्या प्रोजेक्ट फाईलमध्ये मावायचं, ती उघडली की सगळं वाजायचं. तेव्हा ते फोल्डर म्हणजे निव्वळ अडगळ, असा त्याचा बरेच दिवसांचा समज होता.

त्यानं मोबाईल तोंडाशी धरला आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "हे बघ मनिष, सोपं आहे. ते ऑडिओ नावाचं फोल्डर दिसतंय ना, ते उडव. काही होत नाही. गाणं सगळं प्रोजेक्टच्या फाईलमध्ये असतं. रिसायकल बिनपण रिकामा कर, नाहीतर जागा होत नाही. आणि जागा झाली की मी दिलेलं ढोलाचं पॅक उतरवून घे, मस्त आहे."

हार्दिक म्हणाला, सर म्हणजे सर. नयननं हातानंच 'असू दे' केलं.

तेवढ्यात मनिषनं परत लिहिलं, "सर, नक्की ना? त्यात फुईचं गाणं आहे." नयननं ते वाचलं. त्या क्षणी त्याच्या मनात एक बारीकशी शंका आली होती, हे त्यानं नंतर स्वतःशी कबूल केलं. पण कोणीतरी सरबताचा ग्लास पुढं केला होता. एका हातात ग्लास धरून त्यानं दुसऱ्या हातानं अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनिषचा निरोप आला. गाणं उघडलं पण आवाज येत नाही. फाईल सापडत नाही म्हणतो. सगळीकडं लाल.

नयन वलांडीपाशी गेला. हिंदी व्हिडिओतल्या मुलानं दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं, की प्रोजेक्टची फाईल म्हणजे नुसती यादी, कुठलं काय कुठं वाजवायचं याची. माईकवरून घेतलेला खरा आवाज ऑडिओच्या फोल्डरमध्ये असतो, त्याला कधीही हात लावू नका. नयननं तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा तो मुलगा आपल्याकडं बघून बोलतोय असं त्याला वाटलं आणि त्यानं मोबाईल पालथा केला.

त्याच्या कानशिलांना चटका बसला होता. दोन दिवसांचं गाणं. जे त्या बाईला आता परत जमेल की नाही हे तिलाही ठाऊक नाही. आणि विचारणाऱ्यानं सांगून विचारलं होतं, त्यात फुईचं गाणं आहे म्हणून. लाज नयनला माहीत होती, बोटीवर ओकायचा तेव्हा वाटायची ती. पण ती चारचौघांतली लाज होती, हसून घालवता यायची. ही वेगळी होती. तिथं वाळत्या बोंबलांशिवाय कोणी नव्हतं आणि तरी त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं.

मग त्यानं जे केलं ते असं. ग्रुप उघडला, कालचा आपला आवाज दाबून धरला आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' केला. मग तो अंगठाही काढला. दोन ओळी उरल्या, हा मेसेज डिलीट केला गेला आहे, हा मेसेज डिलीट केला गेला आहे. हार्दिकनं लगेच विचारलं, सर काय काढलंत? नयननं आयुष्यात पहिल्यांदा त्या ग्रुपवर टाईप केलं, 'चुकून दुसरीकडचं आलं होतं'. आवाजात सांगायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी मनिषचं आलं, "माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असेल सर. जमेल तेव्हा बघून सांगा." नयननं लिहिलं, 'बघतो'.

पुढं आठ दिवस त्यानं मनिषचा फोन उचलला नाही. फोन वाजायचा, नाव दिसायचं, नयन त्याच्याकडं बघत बसायचा आणि वाजणं थांबलं की श्वास सोडायचा. हेमांगीच्या नजरेतून काय सुटणार? दिवसभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचणारी बाई ती. टोपली धुता धुता तिनं विचारलं, "कोणाचं काय खाल्लंस रे, फोन उचलत नाहीस तो?" कंपनीवाल्यांचे फोन असतात, लोन घ्या म्हणून, असं नयन म्हणाला. पण त्या दिवसापासून फोन वाजला की ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायची. ते त्याला फोनपेक्षा जड जायला लागलं.

नवव्या दिवशी मनिषनं लिहिलं की फुईची तब्येत बरी नाही, परवा ती शेजारच्या पाड्यावरून घरी यायचा रस्ता विसरली. गाणं परत काढता येतं असं कोणीतरी सांगितलं आहे. सर, एकदा येऊन बघाल का?

नयननं पेन ड्राइव्हवर पुसलेल्या फाईली परत काढायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि निघाला. खरं सांगायचं तर निघताना त्याला थोडी उभारी आली होती. गाणं परत मिळालं की कुठला मेसेज आणि कुठलं काय. उलट सर एवढ्या लांब आले आणि गेलेलं गाणं काढून दिलं, असंच नाव होईल. कोसबाडचा चढ चढेपर्यंत त्यानं मनात चहाही पिऊन घेतला होता आणि आभाराला 'असू दे' म्हणूनही झालं होतं. तलासरीला हायवे ओलांडून तो पाड्यावर पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मनिषनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओट्यावर वीसेक माणसं जमली होती. एकच प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती नयनला. धाकली खाली गोणपाटावर बसली होती, लहानखुरी, पाय पसरून. बुधी वाडीवरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मनिष म्हणाला, हेच आमचे सर. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. नयननं मान खाली घालून मनिषचा लॅपटॉप उघडला. मान खाली घालायला काहीतरी निमित्त मिळालं म्हणून त्याला बरं वाटलं.

शोध सुरू झाला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, सगळे तिच्याकडं बघत होते. चहा आला, बिस्किटं आली. सर चहा घ्या, सर सावलीत सरका. प्रत्येक 'सर' त्याला टोचत होता. दीड तासानं यादी आली. सगळी नावं होती. एकशे साठच्या वर फाईली, तारखेसकट. मनिषच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. बुधी पुढं सरकून बसली.

नयननं पहिली फाईल लावली. खरखर. दुसरी, खरखर. तिसरी लागलीच नाही. चौथीत ढोल वाजला, स्वच्छ आणि दणदणीत. नयननं दिलेल्या पॅकमधला. जिथं धाकलीचा आवाज पुसला गेला होता, तिथं तो ढोल उतरला होता. नयनला हे कळलं, पण त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. एकेक फाईल लावत गेला. लोक आधी पुढं वाकून ऐकत होते, मग सरळ बसले, मग एकमेकांशी हळूहळू बोलायला लागले.

शेवटाकडची एक लागली. मांडवाचा गलबला, एक लेकरू रडतंय, आणि त्यातून धाकलीचा आवाज, बारीक, न थांबणारा, एका ओळीतून दुसरीत जाणारा. लोक परत पुढं वाकले. चार-पाच ओळी झाल्या आणि आवाज थांबला. फाईल संपली असं नयनला वाटलं. पण नाही, गाणंच थांबलं होतं. धाकली मांडवात सगळ्यांसमोर म्हणत होती, "इसरले." मागून कुठल्यातरी बाईनं ओळ सांगितली, कोणीतरी हसलं, धाकलीही हसली आणि गाणं पुढं सुरू झालं. तीन ओळींनंतर ते तुटलं. बस, तेवढंच. सगळं मिळून एक मिनिटही नसेल.

मनिष हळूच म्हणाला, नेमकं इसरलेलंच राहिलं. धाकलीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं विचारलं, बाकीचं कुठं आहे? मनिषनं सांगितलं, बाकीचं गेलं फुई.

मग धाकली बोलली. आवाज चढवला नाही, पण धवलेरीचा आवाज, शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुझ्याकडं दिलेला जपाय. बुधीचा होता तो गाना. माझ्या डोक्यात आता ऱ्हात नाय म्हणून तुझ्या पेटीत ठेवला. तू घालवलास. दारू पिऊन घालवला असता तर मी म्हटला असता, दारू. तू शिकलेला, तरी घालवलास." बाकीच्यांनीही मग एकेक शब्द टाकला.  बुधी उठली, पदर खोचला आणि निघून गेली, आणि मनिषला तेच सगळ्यात जास्त लागलं असणार. तो उभा होता, हात मागं बांधून, मान खाली. एकदाही त्यानं नयनकडं बघितलं नाही.

नयन खुर्चीवर बसून होता. आत्ता बोल, असं तो स्वतःला सांगत होता. हे वाक्य संपलं की बोलतो. ही म्हातारी बोलून झाली की बोलतो. पण तोवर लोक एकेक करून उठले आणि आपापल्या घरी गेले. त्यानं पेन ड्राइव्ह खिशात टाकला. निघतो म्हणाला.

मनिष त्याला मोटारसायकलपर्यंत सोडायला आला. मोहाच्या झाडाखाली गाडी लावली होती. तिथं मनिष थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही ग्रुपवर जे सांगायचात ते मी शिकायला म्हणून उतरवून ठेवायचो. तो फोल्डरवाला तुमचा आवाज पण होता माझ्याकडं. काल काढून टाकला."

 का, एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं.

"घरात सगळे माझा लॅपटॉप लावतात. कोणाच्या कानावर पडला असता तर तुमचं नाव खराब झालं असतं. तुम्ही ग्रुपवरून काढलात तेव्हाच मला समजलं, तुम्हाला लागलंय ते. मला काय, बोलतील चार दिवस. मी घरचाच आहे. तुम्ही पाहुणे."

असं म्हणून त्यानं गाडीच्या सीटवर पडलेली पानं हातानं झाडली.

त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं नयनला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ज्याचं आपण वाटोळं केलं तो आपल्यासाठी वीस माणसांसमोर मान खाली घालून उभा राहिला, आणि आपण खुर्चीवर बसून चहा प्यायलो. आपण ग्रुपवरून आवाज पुसला तो स्वतःला वाचवायला, आणि यानं पुसला तोही आपल्यालाच वाचवायला. नयनला तिथं उभं राहवेना आणि गाडीवर बसवेना. किल्ली हातात तशीच होती.

तो वळला आणि ओट्याकडं चालायला लागला. मनिषनं मागून हाक मारली, पण तो थांबला नाही.

धाकली अजून गोणपाटावरच होती. नयन खुर्चीवर न बसता तिच्यासमोर खाली बसला. त्यानं सांगितलं, की ते फोल्डर उडव असं मनिषला मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, मी हो म्हटलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मग मी सांगितलेलं पुसून टाकलं. मनिषनं काहीच घालवलेलं नाही. हे सगळं त्यानं जमिनीकडं बघत एका दमात सांगितलं.

धाकली त्याच्याकडं बघत होती. तिला कळलं की नाही, की ऐकता ऐकताच ती विसरली, असं त्याला वाटायला लागलं. मग ती म्हणाली, "मी मांडवात इसरते. तवा देव येऊन बसलेले असतात, गाव बसलेला असतो. मी सांगते, इसरले. मग कोणी सांगतो, मी पुढं जाते. तुला सांगाय कोण नव्हता काय?"

नयनला दोनशे माणसांचा ग्रुप आठवला. तो म्हणाला, होते.

"मग?"

 चुकलो आई, असं तो पुटपुटला. आपल्याला आता उठून जायला मिळेल अशी आशा, खोटं का बोला, त्याच्या मनात येऊन गेली. धाकलीनं ती बहुतेक वाचली. तिनं मनिषला हाक मारली आणि सांगितलं, मघाशी होते त्या सगळ्यांना परत बोलाव. बुधीला पण. मनिष म्हणाला, फुई, राहू दे, सरांना लांब जायचंय. धाकली म्हणाली, "मी तुला समद्यांच्या म्होरं बोलले. मला एकटीला सांगून कसा भागेल? यानं पण समद्यांच्या म्होरं सांगाय पायजे."

मनिष नयनकडं बघत उभा राहिला. नयननं मान हलवली, जा म्हणून.

लोक परत यायला लागले. कोणी हात पुसत आलं, कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी अर्धी पेटलेली चूल सोडून. काय झालं, परत का बोलावलं, असं एकमेकांना विचारत होते. गाणं सापडलं काय, असं एका बाईनं आनंदानं विचारलं, आणि नयनला त्या वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. कोणीतरी त्याच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. तो बसला नाही. मघाशी हात जोडणारा म्हातारा काठी टेकत हळूहळू येत होता, त्याच्यासाठी सगळे थांबले. सगळ्यांत शेवटी बुधी आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

धाकली म्हणाली, "आता सांग."

नयननं तोंड उघडलं. ग्रुपवर एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण आता तो खाली बघत पुटपुटला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मागच्या लोकांना ते ऐकू गेलं नाही. काय म्हणाला, काय म्हणाला, असं कुजबुजणं झालं, म्हाताऱ्यानं कानाशी हात नेला, आणि नयनला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.